चोवीस इंची करडू

करडाला दर रविवारी टेप लावायची, हा निर्णय टेलरमास्तरांनी एकट्यानं घेतला. घरात त्यांना कुणी विचारलं नव्हतं. (घरात त्यांना कुणीच काही विचारत नसे, त्यामुळे निर्णय घ्यायला भरपूर मोकळीक होती.)

शाळेनं शेतीदिनासाठी मुलांना एकेक पिल्लू सांभाळायला दिलं होतं. मास्तरांच्या चिमीच्या वाट्याला एक काळं करडू आलं, अंगावर मांस कमी आणि आवाज जास्त. नियम साधा होता. त्या दिवशी मैदानात मुलानं हाक मारायची. पिल्लू धावत आलं तर ते कायमचं त्याचं, नाही आलं तर परत शाळेच्या गोठ्यात. चिमीला ना भाऊ ना बहीण. ती रोज करडाशेजारी बसून पाढे म्हणायची आणि करडू तिच्या फ्रॉकची कड चघळत ऐकायचं. ते परत गेलं तर पोर अंथरूण धरेल, या धास्तीनं मास्तरांचा जीव टांगणीला लागला होता.

करडू अंग धरतंय की नाही हे कळावं म्हणून ते त्याची छाती मोजत. ते उभं राहत नसे, म्हणून एका हातात टेप आणि दुसऱ्या हातात मक्याचे दाणे.

"बाबा, त्याला माझ्याच हातून खाऊ दे ना," चिमी म्हणायची.

"अगं, मी खायला कुठं देतोय? माप घेतोय."

"टेपकडे तरी बघा, चावतंय ते," बायको आतून म्हणायची.

"जन्म गेला टेप धरण्यात. मला बघावी लागत नाही."

माप वाढत होतं, आणि करडाबरोबर मास्तरांचीही छाती फुगत होती.

शेतीदिनाला हेडसरांनी नव्या पँटमध्ये, एक हात कमरेवर ठेवून भाषण केलं. पँट मास्तरांनीच त्या आठवड्यात शिवली होती. काय रुबाब आहे माणसाचा, असं त्यांना वाटलं.

चिमीनं हाक मारली. करडू उधळलं आणि दोरीपलीकडे उभ्या असलेल्या मास्तरांकडे गेलं. त्यांच्या गळ्यात सवयीनं टेप होती. लोक हसले. चिमीनं मात्र बापाकडे असं पाहिलं, की मास्तरांच्या काळजात चर्र झालं.

"तीन हाका मिळतात," परीक्षक म्हणाले. ते जनावरांचे डॉक्टर होते.

मास्तर पाण्याच्या टाकीमागे दडले. दुसऱ्या हाकेला करडू डॉक्टरांकडे गेलं. त्यांच्याही गळ्यात जनावरं मोजायची टेप होती.

आता मास्तरांना राहवेना. भर मैदानात येऊन त्यांनी हात जोडले. "डॉक्टरसाहेब, टेप दिसली की त्याला दाणे आठवतात. खोड मी लावली. पोरीचा काही दोष नाही हो."

दोन्ही टेपा खिशात गेल्या. चिमीच्या तोंडून मात्र हाक फुटेना. ती मटकन खाली बसली आणि हुंदके गिळत बेचा पाढा म्हणू लागली. करडानं कान टवकारले. बे पंचे दहापर्यंत फ्रॉकची कड त्याच्या तोंडात होती.

"हीच तिसरी हाक धरतो," डॉक्टर म्हणाले. मास्तरांनी बाहीला डोळे पुसले.

मग डॉक्टरांनी करडू मोजलं. "छाती बावीस."

"चोवीस," मास्तर म्हणाले. हात जोडतील, पण मापात ऐकून घेणार नाहीत. "कालच मोजलीय."

डॉक्टरांनी दोन्ही टेपा शेजारीशेजारी धरल्या. मास्तरांच्या टेपेचे पहिले दोन इंच नव्हतेच. ते केव्हाच करडाच्या पोटात गेले होते.

"तरीच," मागून आवाज आला. हेडसर बक्षीस घेऊन उभे होते. एक हात पुढे, दुसरा कमरेवर. "मास्तर, सकाळपासून हा हात मी पँटवरून काढलेला नाही."

मास्तरांना कुठं तोंड लपवू असं झालं. चिमीनं करडाच्या गळ्यातली दोरी सोडली. "सर, ही घ्या. त्याला आता नाही लागत."

हेडसरांनी दोरी कमरेला गुंडाळली. गाठ मारायला मास्तर लगबगीनं पुढे झाले, तसे ते दोन पावलं मागे सरकले आणि म्हणाले, "नको, चिमी मारेल."