एकतीस कागदांची नोटीस

"दादाच्या ट्रंकेत काय काय हाय, ते माझ्याइतकं दादालाबी ठावं न्हाई!" विश्रामबागेतल्या वकिलाच्या ऑफिसात आकाराम छाती फुगवून म्हणाला आणि तिथंच घोळ झाला.

मुळात काम एवढंसं. कुंडलच्या सामाईक विहिरीचं पाणी आठवड्यातले चार दिवस कुणाचं आणि तीन दिवस कुणाचं, यावरून आकाराम आणि थोरला भाऊ हंबीरराव चार वर्षं कोर्टात होते. बोलणंही बंद. वडिलांनी, म्हणजे आबांनी, लिहिलेला पाण्याच्या पाळीचा कागद हंबीररावाच्या ट्रंकेत होता. तो हजर करा, अशी नोटीस धाडायची होती.

"नुसतं 'सगळे कागद द्या' म्हणून चालत नाही, काका. एकेक नाव घालून सांगा," वकील पल्लवीनं बजावलं. बोललेलं टाइप करणारा कॉम्प्युटर त्याच्यापुढं चालू करून ती कोर्टात पळाली.

आकाराम फौजेतला सुभेदार. हुकूम म्हणजे हुकूम!

"एक, पाळीचा कागद. दोन, सातबारा. तीन, मी लडाखवरनं आबास्नी धाडलेली पत्रं. चार, दादाचं दहावी नापासचं गुणपत्रक, त्यावर आबांची सही मीच ठोकली हुती. पाच, आईचा एकुलता एक फोटू..."

बोलता बोलता गडी ट्रंकेच्या तळाला गेला. डोळे भरून आले. कॉम्प्युटरला त्याचं काय! त्यानं एकतीस कलमं उतरवली. घाईत पल्लवीनं पहिली दोनच कलमं वाचून सही केली आणि नोटीस गेली.

कळल्यावर तिनं कपाळावर हात मारला. "काका, समोरचे वकील हसतील हो आपल्याला!"

आकारामला धास्ती वेगळीच. पाण्याचा चौथा दिवस हातचा गेला तर ऊस वाळणार, आणि वर दादा म्हणणार, भावानं माझं गुणपत्रक कोर्टात काढलं!

आठ दिवसांनी उत्तर आलं. वकिलाला न विचारता हंबीररावानं स्वतःच्या हातानं लिहिलेलं.

"आकाराम, पाळीचा कागद उंदरानं खाल्ला. पण त्यात चार दिवस तुझंच लिवल्यालं हुतं. मी रागाच्या भरात न्हाई म्हणालो. बाकी तीस कागद हायत. तुझी पत्रं मला एकट्याला वाचवत न्हाईत. तपासणी रविवारी, आमच्या घरी. मटण हाय. गुणपत्रकाचं तुझ्या वयनीम्होरं काढू नगंस."

पल्लवी खुर्चीतून उठलीच. "काका, लेखी कबुली! जिंकलो आपण. द्या इकडं, आजच दाखल करते."

आकारामनं चिठ्ठीची चटकन घडी घातली, खिशात टाकली आणि खिशावर हात ठेवला.

"न्हाई मिळायची, वकीलबाई. चार वर्सांनी दादाचं पत्र आलंय."