धुरपताबाईंनी नातवंडांची राखणावळ मिळविली त्याची हकीकत

ऐकणाराने मांडी सावरून बसावे आणि तोंडातील सुपारी आधी संपवावी, कारण विषय गंभीर आहे. मुलूख निजाम सरकारचा, जिल्हा परभणी, मौजे वालूर, साल फसली तेराशे एकोणपन्नास. त्या साली विलायतेस जर्मनाने लढाई मांडिली आणि तोफा, आगबोटी, विमाने ऐसा बहुत सरंजाम खर्ची पडला, आणि त्याची वर्तमाने सेलूच्या ठेसनावरून वालुरास येत असत. परंतु त्याच साली वालुरात जी मोहीम जाहली, तीत एक म्हातारी आणि एक गाठोडे एवढ्या ऐवजावर भरले घर जेर जाहले, आणि त्याची खबर मात्र विलायतेस कोणी पोचविली नाही. सबब ती येथे लिहिली असे.

राजश्री आश्रुबा म्हणून एक थोर गृहस्थ वालुरास नांदत होते. वय पिकलेले, मिशा शाबूत, कामातून कधीच मोकळे जाहलेले, ओसरीवरील बाजेचे कायमचे जहागीरदार. त्यांचे कुटुंब धुरपताबाई, पुत्र किशनराव, आणि किशनरावांची स्त्री मनकर्णाबाई. किशनरावांस काळे रान एक पट्टी होते आणि अपत्ये तीन होती. थोरला भुजंग पळण्यात तरबेज, मधली बायना लपण्यात तरबेज, आणि तान्हा आप्पा नुकताच रांगू लागला असून दोन्ही विद्या एकदम शिकत होता.

लढाईमुळे कापसाचा भाव चढला, आणि भाव चढला तैसा वेचणाऱ्या बायांनीही दर चढविला. मग किशनरावांनी मोठी मसलत करून ठरविले की, परक्या बाया बोलाविण्यापेक्षा घरचे माणूस रानात न्यावे, त्यास दर नाही. ऐसा हुकूम होऊन मनकर्णाबाई तांबडे फुटताच वेचणीस कूच करू लागल्या, आणि तिन्ही लेकरे धुरपताबाईंच्या पदरी पडली. बाईंस सनद नाही, शिरपेच नाही, कोणी विचारलेही नाही. मग बाईंनी सकाळी तिघांस न्हाऊ घालावे, आणि भुजंगास झाडावरून उतरवावे, आणि तोवर बायना कणगीमागे दडलेली असावी, आणि तिला काढावे तो आप्पाने चुलीतली राख मुखी घातलेली असावी, आणि राख काढावी तो भुजंग पुन्हा झाडावर असावा. येणेप्रमाणे दिवस मावळेपर्यंत लढाई चालावी आणि रात्री बाईंची कंबर उभी राहू नये. किशनराव थोर मनाचे. ते जेवताना म्हणत, "आई हाय म्हनून बरं हाय." एवढी बक्षिसी बाईंस रोज मिळत होती आणि ती कनवटीस लावता येत नव्हती.

आता युद्धाचे कारण. घरी म्हशीची एक वगार होती. ती चारावयास एक म्हातारा गुराखी नेत असे आणि महिन्याचे महिन्यास जोंधळा मापून घेत असे. एके दिवशी किशनरावांनी त्याचे माप भरले आणि वर एक पसा खुशीचा घातला, कारण वगार चांगली अंगास लागली होती. तोच धुरपताबाई आप्पास कडेवर घेऊन आल्या आणि म्हणाल्या की, बाजारातून येताना थोडी मिसरी आणावी, दात सळसळतात. किशनराव बोलले, "परवाच तं आनली होती. लावायलीस का खायलीस?"

बाईंनी गुराख्याच्या जोंधळ्याकडे पाहिले, गोठ्यातील वगारीकडे पाहिले, कडेवरील आप्पाकडे पाहिले, आणि मनात हिशेब बसेना. वगार राखणारास माप आणि वर पसा, आणि वंश राखणारीस मिसरीचा झाडा. आजवर ही गोष्ट दिसत नव्हती ऐसे नाही. परंतु त्या दिवशी दिसली ती डोळ्यांपुढून हलेना.

रात्री पंगत बसली तेव्हा बाईंनी भाकरी वाढता वाढता फर्मान जाहीर केले की, उद्यापासून पोरे राखण्याची राखणावळ पाहिजे. दर वेचणीस कापसाची एक ओटी, म्हणजे बाई लुगड्याच्या ओट्यात बांधून आणते तेवढा कापूस, तो सर्वांदेखत आपल्या हाती यावा, तो आपणच विकावा, आणि त्याचे काय केले हे कोणी विचारू नये.

 मग आश्रुबा, जे भाकरीखेरीज कोणत्याही विषयात तत्काळ बोलत नसत, ते तत्काळ बोलले. "नातवांची माया इकायला काडली व्हय?"

"माया फुकटच हाय," बाई म्हणाल्या. "ती आजवर घेतली तशी घ्या. राखन तेवढी इकत हाय."

किशनरावांस हे वर्मी लागले. ते म्हणाले की, पोरे तुझीच आहेत, परक्याची नाहीत, गावात कळले तर तोंड दाखवावयास जागा उरणार नाही, सोयरे हसतील, आणि मायलेकरांत मजुरी ही गोष्ट सात पिढ्यांत घडली नाही. सात पिढ्यांतील आज्यांस कोणी पुसले होते काय, हा मुद्दा सभेपुढे आला नाही. मनकर्णाबाई भाकरी थापीत होत्या. त्यांचा हात क्षणभर परातीत थांबला आणि पुन्हा चालू लागला. शेवटी ठराव जाहला की मागणी नामंजूर, आणि आईस ऊन लागले असावे, सबब ताक द्यावे.

बाईंनी ताक घेतले. सकाळी न्हाणे केले, दोन लुगडी आणि फणी गाठोड्यात बांधिली, आप्पाच्या गालास गाल लाविला, आणि सरकी घेऊन सेलूस निघालेल्या एका गाडीवर जाऊन बसल्या. किशनराव धावत आले आणि विचारते जाहले की कोठे. बाई म्हणाल्या, "माहेरला जायले. पोरं तुमचीच हायत, परक्याची न्हाईत." हे किशनरावांचे रात्रीचे शब्द होते, ते त्यांस जसेच्या तसे परत मिळाले. सेलूस आगगाडी मिळाली, आणि परभणी, पूर्णा टाकून बाईंची स्वारी चुडाव्यास दाखल जाहली.

इकडे वालुरास किशनरावांनी आश्रुबांस लेकरांची सरदारी दिली. आश्रुबांनी मिशीवरून हात फिरविला आणि म्हणाले, "त्यात काय हाय, नुस्तं बसून ऱ्हायचं." आणि ते बसले, आणि मग आडवे जाहले, आणि मग घोरू लागले. भुजंग कडब्याच्या गंजीवर चढला, बायनाने डाळीच्या मडक्यात पाणी ओतून पाहिले, आणि आप्पा ओसरीवरून उतरून चालता जाहला. दोन प्रहरी आश्रुबा जागे जाहले तो आप्पा नाही. मग शेजारच्या चतुराबाई आल्या, गल्ली गोळा जाहली, कोणी आडात डोकावले, कोणी रानाकडे धावत जाऊन मनकर्णाबाईंस हाक दिली. मनकर्णाबाई जशा होत्या तशा धावल्या. ओट्यातील कापूस रानाच्या धुऱ्यापासून घरापर्यंत वाटेने सांडत गेला आणि त्यांस त्याचे भान राहिले नाही.

आप्पा गव्हाणीत सापडला. कडब्यावर निजला होता, आणि वगार त्याचे डोके चाटीत होती.

मनकर्णाबाईंनी लेकरू उचलले, उराशी धरिले, आणि तेथेच गोठ्यात खाली बसल्या. त्याच्या केसांतील कडब्याच्या काड्या एक एक करून वेचू लागल्या. आश्रुबांनी मात्र सर्वांस सांगितले की वगारीवर आपला पहिल्यापासून भरवसा होता.

त्या दिवसापासून मनकर्णाबाई रानात जाईनात. बोंडे फुटून कापूस लोंबू लागला, वाऱ्याने मातीत पडू लागला, आणि वेचणाऱ्या बायांनी किशनरावांची अडचण ऐकून दर आणखी वाढविला. किशनरावांनी रात्री फार विचार करून बायकोपुढे तह काढिला की, बरे, आईस एक ओटी देऊ, परंतु गावात बोलू नये; आणि आपण स्वतः जाणे शोभत नाही, सबब तूच वकील होऊन जा. थोर पुरुष माघार घेताना सुद्धा पुढे दुसऱ्यास पाठवितात.

आता चुडाव्याचे वर्तमान. बाईंचे बंधू वैजीनाथ आणि भावजय कमलबाई यांनी पहिल्या दिवशी पुरणपोळी केली, पायांस पाणी दिले, बसावयास घोंगडी घातली. दुसरे दिवशी कमलबाई आपला नातू घेऊन आल्या आणि बाईंच्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, "वन्सं, तुमाला लेकरांची लय सवय हाय. मी जरा येचायला जाऊन येते." त्या ज्या गेल्या त्या दिवस मावळता आल्या. तिसरे दिवशी शेजारणीने आपलेही लेकरू आणून दिले, कारण एकास दुसरे खेळावयास होते. येणेप्रमाणे ज्या चाकरीवर बहिष्कार घालून बाई शंभर कोस आल्यागत आल्या होत्या, तीच चाकरी त्यांस माहेरी बिनमागता आणि दोन घरांची लाभली, मुशाहिरा म्हणजे पगार पूर्ववत काही नाही.

परंतु बाईंस खरे जाळीत होते ते वेगळे. परके लेकरू मांडीवर निजले की हात आपोआप थोपटू लागे, आणि मन म्हणे की आप्पास आता कोण थोपटीत असेल, आणि त्यास मऊ भात कोणी कालवून दिला असेल की नाही. आपण लोभी आहो काय, ऐसे त्यांनी स्वतःस पुष्कळ वेळा विचारिले. कापसाच्या एका ओटीसाठी लेकरू टाकून गेली, ऐसे वालूर म्हणत असेल. शेवटी त्यांनी गाठोडे बांधिले, कमलबाईंस म्हणाल्या, "ही घ्या तुमची ठेव," आणि नातू त्यांच्या हाती देऊन ठेसनावर आल्या. मोहीम हरल्याचे त्यांनी मनाशी कबूल केले होते.

गाडी आली ती पूर्णेकडून आली, बाईंस पाहिजे होती तिच्या उलट दिशेची. तीतून मनकर्णाबाई उतरल्या, कडेवर आप्पा. आप्पाने म्हातारीस पाहिले आणि तिच्याकडे अंग झोकून दिले. बाईंनी त्यास घेतले, त्याचे डोके हुंगले, आणि विचारले, "गवताचा वास का येयला ह्याला?"

मग मनकर्णाबाईंनी लिंबाखाली बसून गव्हाणीचे सर्व वर्तमान सांगितले. ऐकताना बाईंनी आप्पास इतके घट्ट धरिले की तो कुरकुरला. त्या म्हणाल्या, "चल, मी येते. मला कायबी नगं."

येथे मोहीम बुडाली होती. परंतु वकिलाने आपल्याच दरबाराशी दगा केला आणि ती वाचविली. मनकर्णाबाई खाली मान घालून म्हणाल्या, "आत्याबाई, आसं नका म्हनू. ते एका ओटीवर राजी झालेत. तुमी दोन मागा."

"दोन कशाला गं?"

"एक माझी." आणि पुढे म्हणाल्या, "मी बी येचायलेच की. मला कवा कुनी काय दिलं?"

सासूने सुनेकडे पाहिले. इतक्या वर्षांत भाकरीच्या जाडीवरून, पाण्याच्या घागरीवरून, लेकरांच्या जावळावरून दोघींचे तंटे जाहले होते. एकीने दुसरीसाठी काही मागावे ऐसा प्रसंग आला नव्हता. बाई म्हणाल्या, "हे तू घरीच का न्हाई बोललीस?" सून म्हणाली, "तुमी बोललाव तवा कळलं, आसं बोलता येतं म्हनून."

मग दोघी उलट गाडीने सेलूस आणि तेथून बैलगाडीने वालुरास आल्या. किशनराव वेशीवर सामोरे आले, कारण कापूस जमिनीस टेकला होता. बाईंनी गाडीवरून न उतरता अट सांगितली. किशनरावांनी दोन ओट्या ऐकून बायकोकडे पाहिले. वकीलसाहेब आभाळाकडे पाहत होत्या. मग त्यांनी रानाकडे पाहिले, आणि तह मंजूर केला.

आश्रुबांनी तत्काळ दावा दाखल केला की, आपणही अर्धा दिवस लेकरे राखिली, सबब आपलाही वाटा निघतो. दाव्याचा निकाल चतुराबाईंनी भर गल्लीत दिला तो ऐसा की, वाटा वगारीचा निघतो, तुमचा निघत नाही. आश्रुबा तो मान्य करून बाजेवर परतले.

पहिली वेचणी जाहली, आणि अंगणात सर्वांदेखत दोन ओट्या मोजून वेगळ्या काढिल्या. किशनरावांनी जमलेल्या मंडळींस समजाविले की ही तजवीज मुळात आपलीच, घरच्या बायांचा मान राखणे हे आपले धोरण. मंडळींनी माना डोलाविल्या. बाईंनी आपली ओटी बांधून घेतली; त्यांस कापूस हवा होता, श्रेय वाहून नेण्यास ओट्यात जागा नव्हती.

आठवडी बाजारास धुरपताबाई ओझे डोक्यावर घेऊन एकट्या गेल्या. व्यापाऱ्याने कापूस चिमटीत धरून पाहिला, ताजव्यात टाकिला, आणि नेहमीच्या रीतीने खाली पाहतच विचारले, "माल कोनाचा?" बाईंनी सवयीने मागे वळून पाहिले, लेक असेल किंवा धनी असेल म्हणून. मागे कोणी नव्हते. बाजार चालला होता. मग त्या पुढे वळल्या, पदर सारखा केला, आणि पहिल्यांदा बारीक आवाजात आणि व्यापाऱ्यास ऐकू न आल्याने दुसऱ्यांदा सगळ्या पेठेस ऐकू जाईल ऐशा आवाजात म्हणाल्या, "माझा हाय."

येणेप्रमाणे फसली तेराशे एकोणपन्नास साली, बोंडे फुटण्याच्या हंगामी, मौजे वालूर मुक्कामी धुरपताबाईंची फत्ते जाहली. एक तान्हे लेकरू गवताने माखले, एवढी हानी, प्राणहानी नाही. विजयाची नौबत कोणी वाजविली नाही, परंतु पुढील बाजाराच्या आत गावातील कैक म्हाताऱ्यांस एकाएकी माहेरची आठवण येऊ लागली, आणि त्यांचे पुत्र चिंतेत पडले, ऐसे खात्रीचे वर्तमान आहे. जे घडले ते लिहिले. कमी असेल ते आज्यांनी भरून घ्यावे.