नानांचं हिंगुळी इंजिन

पोळ्याला धुळ्याची माणसं बैलांची शिंगं रंगवत. आमचे नाना बारा महिने इंजिनं रंगवत. कोणाचंही इंजिन उघडून पुन्हा जोडलं, की ते रॉकेलनं धुवायचं, पुसायचं आणि वर लखलखीत लालभडक हिंगुळी तेलरंग. गिऱ्हाईक म्हणे, "नाना, बॉनेटखाली कोण बघणार?" नाना ब्रश न थांबवता म्हणत, "बैल काय आरशात पाहस का? त्याले बराबर समजस."

आग्रा रोडला पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं गॅरेज होतं. इंजिन चालू होईना म्हणून कोणी ॲक्सिलरेटर दाबत बसला, तर नाना सरळ किल्ली काढून घेत. "पराणी नको टोचू. रुसेल शे ते." इंजिनाला त्यांनी कधी शिवी दिली नाही. मालकांना मात्र मोकळ्या मनानं देत.

मी कुडाळकडचा. आठवीत शाळा सोडली, ट्रकवर क्लीनर झालो, वायरिंग शिकलो आणि एका बिघडलेल्या ट्रकबरोबर धुळ्यात आलो तो इथलाच झालो. ओळखपाळख काही नसताना नानांनी शेडची एक बाजू मला दिली. तरी माझी कपड्यांची पिशवी कायम भरलेली असे. कोणी जोरात हाक मारली तरी वाटे, संपलं, आता जा म्हणणार.

आणि एकदा ती वेळ आलीच.

गॅरेजची जागा ज्यांची, त्या कापूसवाल्या शेठजींची फियाट नानांनी नव्यानं बांधली होती. शेठजींना सुरतेला जाताना कोंडाईबारीचा घाट धापा न टाकता चढायचा होता. म्हणून हेड घासून, नवे पिस्टन घालून नानांनी कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, चांगलं वाढवलं होतं. वायरिंग माझं.

शेठजींनी सेल्फ मारला. इंजिनानं कण्हत अर्धा फेरा घेतला आणि ते थांबलं. पुन्हा मारला, पुन्हा तेच.

"नाना, इंजिन तो आपका है, उसमें खोट नहीं," शेठजी म्हणाले. "वायरिंग इस कोकणवाले की है. शाम तक गाडी चालू नहीं हुई, तो कल से ये इधर नहीं दिखना चाहिए." एवढं बोलून ते समोरच्या बाकावर चहा पीत बसले.

माझ्या हातून पाना खाली पडला. नाना म्हणाले, "तू पाना दे. घाबरानं मंग घाबर."

त्यांनी चारही प्लग काढायला लावले. आता सेल्फ मारला तर इंजिन भिंगरीसारखं फिरलं. म्हणजे आत काही आवळलेलं नव्हतं. प्लग लावले, पुन्हा कण्हणं. ठिणगीचं टायमिंग मागं घेतलं, फरक नाही. ट्रकची दांडगी बॅटरी जोडली, तरी तेच. शेठजींचा दुसरा चहा आला. माझ्या डोळ्यांपुढे कुडाळची एसटी उभी राहिली.

मग नानांनी मला सेल्फ मारायला बसवलं आणि स्वतः, तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा, उलटा हात एकेका जोडावर ठेवत गेले. बॅटरीचा जोड थंड. सेल्फचा थंड. वीज बॅटरीकडे परत नेणारी अर्थिंगची पट्टी इंजिनाला आवळली होती तिथं मात्र हात झटकन मागं आला.

"आठे ताप शे."

बोल्ट काढला. पट्टीखाली लखलखीत हिंगुळी रंग.

मी पट्टी जोडण्याआधीच नानांनी अंगभर रंग दिला होता. आजवरची साधी इंजिनं त्या रंगातून झिरपेल तेवढ्या विजेवर भागवून घेत. या दाबाच्या इंजिनाला पोटभर लागत होती. नाना थोडा वेळ रंगाकडे बघत राहिले. मग पॉलिश पेपर घेऊन त्यांनी तेवढी जागा लोखंड दिसेपर्यंत घासली. पट्टी आवळली. किल्ली फिरवताच गाडी गरजली.

नाना शेठजींपुढे जाऊन उभे राहिले. "रंग मन्हा शे, दोष बी मन्हा शे. पोऱ्यानं वायरिंग बठ्ठं बराबर शे." त्यांनी कोणापुढे चूक कबूल केलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो. शेठजी हसले, गाडीत बसले आणि गेले.

मी हत्यारं गोळा करू लागलो. शेठजींचा राग उतरला तरी नानांचा मान माझ्यापायी गेला, आता तेच जा म्हणतील, असं वाटत होतं. नाना म्हणाले, "चाल, जेवाले चाल."

शेडमागेच त्यांची खोली होती. त्यांची बायको, अक्का, जाऊन बरीच वर्षं झाली होती, एवढंच मला ठाऊक होतं. आत मी कधी गेलो नव्हतो. चुलीशेजारी एक ताट, एक पेला. दुसरं ताट नानांनी फळीवरून काढलं. त्यावर जाड धूळ होती. त्यांनी ते राखेनं घासलं, धुतलं, उजेडात धरून पाहिलं आणि पुन्हा धुतलं.

ताटात भरीत वाढलं. भाकरी एकच होती. ती मोडून मोठा तुकडा माझ्याकडे सरकवला.

मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "उद्या येशी ना?"

"येतो की, नाना."

"मंग पीठ दोन जनासनं मळसू," नाना म्हणाले, आणि खाली मान घालून जेवू लागले.