चौदा वर्षांची मेल, सी वरून डी वर

माणूस जन्मभर जे साठवतो, त्याची नीट सोय लावणं हे त्याचं आद्य कर्तव्य आहे. आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर चौदा वर्षांची मेल साठली होती. ती सगळी एकाच फाइलीत कोंबून सी ड्राइव्हवर बसलेली. शेजारचा डी ड्राइव्ह मोकळा. (त्यात फक्त एका लग्नाचे फोटो. आमच्या नव्हे.)

मंगळवारी दुपारी तीनला सी ड्राइव्ह गच्च भरला आणि मेल जाणं बंद झालं. नेमकं त्याच दिवशी बायकोला उत्तर पाठवायचं होतं. शिवणशाळेत शिक्षिकेची जागा मिळावी म्हणून ती सहा वर्षं थांबलेली. सकाळी मेलवर पत्र आलं: सोबतचा फॉर्म भरून आज पाचच्या आत धाडावा, नाहीतर यादीतल्या पुढच्या नावाचा विचार होईल.

"अहो, थोडी जुनी मेल उडवा ना."

"उडवा? अगं, दस्तऐवज आहे तो!"

सदर दस्तऐवजाची मी तातडीने पाहणी केली. एकूण मेल एकेचाळीस हजार दोनशे सहा. पैकी न वाचलेली अडतीस हजार. 'सवडीने पाहू' या कप्प्यात नऊ हजार. मीच मला पाठवलेली स्मरणपत्रं तीनशे बारा. (उत्तर एकालाही नाही.) एवढा ऐवज उडवणं बेजबाबदारपणाचं ठरलं असतं. सबब स्थलांतर करायचं ठरलं आणि तज्ज्ञ म्हणून माझी एकमताने निवड झाली. बायको तेव्हा आत चष्मा शोधत होती.

आधी मेलचा प्रोग्रॅम रीतसर बंद केला. मग पडद्यावरचं मेलचं चित्र माउसने उचललं आणि अलगद डीवर नेऊन ठेवलं. वेळ लागला एक सेकंद. एकोणीस जीबी, एक सेकंद! लोक उगाच अर्धा-अर्धा तास घालवतात. चित्राच्या कोपऱ्यात एक वाकडा बाण होता. 'स्थलांतर झाले' अशी ती खूण असावी, असं मी ताडलं.

पण सीवर मूळ फाइल अजून पाय पसरून बसलेली. ही दुबार नोंद झाली. मी तिला कचरापेटीत ढकलायला गेलो, तर कॉम्प्युटर म्हणाला, फाइल फार मोठी आहे, पेटीत मावत नाही, कायमची पुसू का? इतक्या अदबीने मला घरात कुणी काही विचारत नाही. मी हो म्हटलं.

बायको चष्मा लावून बसली. चित्रावर टिचकी मारली. ज्या फाइलीकडे हा बाण जातो ती आता अस्तित्वात नाही, असं उत्तर आलं. मी हलवली होती ती दारावरची पाटी. घर मी स्वतःच्या हाताने पाडलं होतं.

"म्हणजे नक्की काय केलंत तुम्ही?"

"तांत्रिक बाब आहे."

"चार वाजले! माझ्या चपला कुठायत? का त्याही डीवर टाकल्यात?"

शिवणशाळा चार गल्ल्या पलीकडे. ती तरातरा चालत गेली. मी मागे राहून परिस्थितीवर लक्ष ठेवलं.

सव्वापाचला ती आली. तिथेच फॉर्म भरून, सही करून, नोकरी पक्की करून.

"तिथली कारकूनबाई काय म्हणाली माहितेय? हे आमचं तिसरं पत्र. पहिलं महिन्यापूर्वी पाठवलं होतं."

"असेल," मी म्हणालो, "पण आता पुरावा उपलब्ध नाही."

त्यानंतर तीन दिवस घरात माझ्याशी फक्त लेखी व्यवहार झाला.

तरी या प्रकरणाचा लाभ मोठा. ज्यांना चौदा वर्षांत उत्तर दिलं नाही, त्यांना आता सांगतो, ड्राइव्ह बदलताना सगळं गेलं हो. माणसं हळहळतात. एकाने तर खांद्यावर हात ठेवला. माझा सगळा आळस दुर्घटना म्हणून दाखल झाला.

तुमची मेल मात्र शाबूत आहे. तिच्यात कुणीतरी तुमच्या उत्तरासाठी कधीचं ताटकळलंय. कोण, ते आत्ता आठवलंच ना? मग त्याला काय सांगणार आहात?