चालत्या व्हॅनचा दोषदाखला

सत्य स्वयंप्रकाशी असते, असे बालपणी सर्वांनाच शिकविले जाते. तथापि ते कार्यालयीन वेळेत आणि विहित अवस्थेत प्रकटले पाहिजे, हे ज्ञान चित्रकलेच्या मास्तरांना वयाच्या बावन्नाव्या वर्षी प्राप्त झाले.

मास्तरांची व्हॅन अठरा वर्षांची. चालता चालता ती अकस्मात बंद पडे, पाच-दहा मिनिटे मौन पाळी आणि जणू काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होई. गुरुवारी अकरा वाजता मास्तरांच्या आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होती. ही वेळ चुकली, तर पुढची चार महिन्यांनी. तत्पूर्वी व्हॅन दुरुस्त होणे अगत्याचे होते.

"मास्तर, दोषदाखला आणा," मेकॅनिक म्हणाला. "पंधरा वर्षांवरच्या गाडीचं इंजिन दाखल्याशिवाय उघडलं, तर माझं गॅरेजच बंद करतील."

वाहन-कार्यालयाच्या आवारात व्हॅनने सात फेऱ्या मारल्या. एकदाही कचरली नाही. निरीक्षकांनी 'निर्दोष' असा शिक्का उमटविला.

"साहेब, रोज बंद पडते हो!"

"पडत असेल. आमच्यासमोर नाही पडली."

"गुरुवारी आईला दवाखान्यात न्यायचंय. अडकलो तर?"

"मग गुरुवारीच फेरतपासणी घेऊ, मी सोबत बसतो. पण दोष चालत्या अवस्थेत आढळला पाहिजे. नियम आहे."

गुरुवारी आई मागे बसल्या, निरीक्षक पुढे. पावणेअकरा वाजता, ऐन चौकात, रुग्णालयाचे फाटक समोर दिसत असताना व्हॅनने प्राण सोडला. मास्तरांचा चेहरा उजळला.

"लिहा, साहेब!"

निरीक्षकांनी खिडकीतून वाकून चाके न्याहाळली. "वाहन उभं आहे. उभ्या वाहनात चालतानाचा दोष कसा लिहू?"

"अहो, चालतानाच तर थांबली!"

"थांबली तेव्हा ती चालत नव्हती."

"मला तरी मोतीबिंदू आहे," मागून आई म्हणाल्या. "यांना काय झालंय? अरे, वाद कसले घालता? उतरा दोघं आणि ढकला!"

आज्ञा मातेची होती. त्यापुढे नियमावलीचेही काही चालेना. मास्तर दारातून एक हात स्टिअरिंगवर ठेवून आणि निरीक्षक मागून, असे दोघे ढकलू लागले. वीस पावलांवर निरीक्षक धापा टाकीत ओरडले, "मास्तर, वाहन चालतंय! आणि इंजिन बंद! सिद्ध झालं!" एका हाताने ढकलीत, दुसऱ्याने व्हॅनच्या पाठीवरच कागद धरून त्यांनी दाखला लिहिला. अकरा वाजायला दोन मिनिटे असताना आई फाटकाच्या आत होत्या.

मागे मात्र वाहनांची दीर्घ रांग लागली होती. प्रत्येक जण हॉर्न वाजवीत होता. ढकलायला कोणीही उतरले नाही. वाचकहो, त्या रांगेत आपण नव्हता, असा दाखला आपल्यापाशी असल्यास कृपया सोबत जोडावा.

असो. आईंची दृष्टी निर्मळ होवो, मास्तर व निरीक्षक यांचे खांदे लवकर बरे होवोत, आणि हॉर्नवर टेकलेल्या सर्व हातांना एकदा तरी ढकलण्याचे पुण्य लाभो.