पालकाने सोबत यावे

पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं होतं, त्यामुळे ते हेडमास्तरांनी वाचलं होतं, शिपायाने वाचलं होतं आणि नववीच्या अर्ध्या वर्गाने खिडकीतून वाचलं होतं. आता गुडेटा मास्तर ते आपल्या बायकोला वाचून दाखवत होते, चौथ्यांदा. अस्कालेबाई चुलीपुढे बसून कॉफीचे दाणे भाजत होत्या.

"'धावपटूसोबत त्याच्या पालकाने यावे. राहण्याजेवणाची सोय होईल व गळ्यात घालण्याचा बिल्ला मिळेल.'" मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "ऐकलंत? बावीस वर्षं या डोंगरावरून पोरं पळवतोय. किती पोरं राजधानीला गेली, परदेशी गेली. आजवर कुणी म्हटलं का, मास्तर, तुम्हीपण चला?"

"आता म्हटलं ना? मग किती वाचाल, अक्षरं झिजतील," अस्कालेबाई म्हणाल्या. पण कोट त्यांनी आदल्या दिवशीच उन्हात टाकला होता.

पोरगा होता तोलेरा. एकोणीस वर्षांचा, उंच, ओठावर बऱ्यापैकी मिशी. बाप लहानपणीच गेलेला, घरी आई आणि तीन गायी. वीस वर्षांखालच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय क्रॉस कंट्री शर्यतीसाठी मास्तरांनी त्याचा अर्ज स्वतःच्या हाताने भरला होता. पुढच्या वर्षी तोलेरा विशीत जाणार आणि थेट मोठ्या बाप्यांत पळणार. तिथे त्याला कोण विचारतो? जे काय व्हायचं ते याच वर्षी.

"पालक म्हणून आईने जायला हवं खरं तर," मास्तर भीत भीत तोलेराच्या आईला म्हणाले होते.

"आणि गायींच्या धारा कोण काढेल, तुम्ही?" ती म्हणाली. "पोराला पहाटे उठवलंत तुम्ही, बुटांना टाके घातलेत तुम्ही. पालक आणखी कोण असतो?"

मास्तरांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. आनंदाने.

राजधानीत शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी दोघे मैदानावर पोचले. निलगिरीच्या झाडांखाली टेबल मांडून झेनेबेचबाई बसल्या होत्या. अंगावर पांढरी शाल, समोर कागदांचा डोंगर. वीस वर्षं त्या असल्या शर्यतींचे कागद सांभाळत होत्या आणि वीस वर्षांत आपली एकही चूक झाली नाही, हे त्या न विचारता सांगत.

मास्तरांच्या गळ्यात त्यांनी निळ्या फितीचा बिल्ला घातला. त्यावर मोठ्या अक्षरांत 'पालक' लिहिलं होतं. मास्तरांनी छाती एवढी पुढे काढली की कोटाचं बटण कुरकुरलं. मग बाईंनी तोलेराच्या हातात एक पिशवी दिली. पिशवीत बिस्किटाचा पुडा, एक फुगा आणि छातीवर लावायचा नंबर. नंबराशेजारी सिंहाचा छावा दात काढून हसत होता.

"मास्तर," तोलेरा हळूच म्हणाला, "केनियाच्या पोरांच्या नंबरावर छावा नाहीये."

"अरे, यजमानांना काहीतरी खास देत असतील."

"यावर लिहिलंय, 'बालगट, एक किलोमीटर'."

मास्तरांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. छावा हसतच होता.

"बाई, काहीतरी चुकलंय. हा आठ किलोमीटरवाला आहे."

"चुकलंय?" झेनेबेचबाईंनी भुवई वर केली. "कागदावर जन्म दोन हजार चौदा. वय अकरा. सोळाच्या आतली मुलं बालगटात, पालकासोबत. म्हणून तर तुम्हाला पत्र गेलं."

मास्तरांनी गळ्यातला बिल्ला पुन्हा वाचला. पत्र त्यांच्या बावीस वर्षांना आलेलं नव्हतं. ते आलं होतं अकरा वर्षांच्या बाळाला सांभाळायला.

"अहो, मिशी बघा त्याची!"

"मी मिशीवर वय लिहीत नाही, कागदावर लिहिते. तुमच्या अर्जात साल दोन हजार सहा. आपलं साल परदेशी सालाच्या आठ वर्षं मागे. मी आठ मिळवले. सहाशे अर्जांत मिळवलेत."

"पण मी आधीच मिळवले होते! पोरगा आपल्या एकोणीसशे अठ्ठ्याण्णवचा. परदेशी शर्यत आहे म्हणून मीच आठ मिळवून दोन हजार सहा लिहिलं. म्हटलं, तुमचे कष्ट वाचतील."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं कष्ट वाचवायला?" बाई उसळल्या. "मिळवायचं काम माझं आहे!"

दोघांनीही एकमेकांची सोय पाहिली होती आणि मधल्या मधे पोराचं वय पळून गेलं होतं. बाईंना आतून पटलं होतं, पण वीस वर्षांची अब्रू अशी निलगिरीच्या झाडाखाली कोण सोडतो? "गट बदलणं माझ्या हातात नाही," त्या म्हणाल्या. "पाहुण्या तपासनिसांना भेटा."

पाहुणे तपासनीस ओल्सेनसाहेब पलीकडच्या तंबूत होते. उन्हाने लाल झालेले, स्वभावाने गोड. दोन महिने ते या देशात होते आणि इथलं सगळं आपल्याला कळलंय, अशी त्यांची समजूत होती. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दुसरा काहीतरी पुरावा आणा. चार वाजता या. बरोब्बर चार."

मास्तर बाहेर येऊन तोलेराला म्हणाले, "नीट ऐक. आपण उजाडल्यापासून तास मोजतो, हे लोक मोजत नाहीत. परदेशी माणसाचे चार म्हणजे आपले दहा. दुपार टळल्यावर यायचं. एकदा आठाच्या हिशेबात फसलो, आता सहाच्या हिशेबात नाही फसायचा."

मग त्यांनी निवांत खोलीवर जाऊन ट्रंकेतून तोलेराचं वस्तीच्या कचेरीचं ओळखपत्र काढलं. इंजेऱ्याची मऊ आंबट भाकरी आणि शिरोचं पिठलं खाल्लं. तोलेराला झोपवलं. कॉफीच्या तीन वाट्या घेतल्या. आणि परदेशी चार वाजता तंबूत हजर झाले.

ओल्सेनसाहेब घड्याळाकडे बोट दाखवत उभे होते. "सहा तास झाले! मी तुमच्या चारला, म्हणजे सकाळी दहाला बोलावलं होतं. तुमच्या!"

"माझ्या?"

"तुमच्या सोयीसाठी मी तुमची वेळ सांगितली!"

"आणि मी तुमच्या सोयीसाठी तुमची धरली, साहेब."

साहेब मटकन खुर्चीत बसले. आणखी घोटाळा नको म्हणून दुभाष्याचं काम करायला झेनेबेचबाईंना बोलावलं गेलं. मास्तरांनी ओळखपत्र पुढे केलं. साहेबांनी साल वाचलं आणि त्यांचा चेहरा आणखी लाल झाला.

"एकोणीसशे अठ्ठ्याण्णव? म्हणजे हा सत्तावीस वर्षांचा आहे?"

"नाही साहेब. हे साल आमचं आहे, यात आठ मिळवायचे."

"आणि अर्जातलं?"

"त्यात मिळवायचे नाहीत. ते मिळवून झालेत."

"आणि बाईंच्या कागदातलं?"

"त्यातून आठ काढायचे."

"तुमच्या वर्षाला महिने किती?" साहेबांनी बारीक आवाजात विचारलं.

"तेरा," मास्तर म्हणाले. खोटं कशाला बोला? "पण तेरावा पाचच दिवसांचा असतो. कधी सहा."

खरं बोलावं तितकं ते खोटं वाटायला लागलं होतं. साहेबांनी तोलेराकडे पाहिलं, मिशीकडे पाहिलं, मग छाव्याकडे पाहिलं. शेवटी त्यांनी एक कोरा कागद ओढला. एका कागदावर अकरा, दुसऱ्यावर सत्तावीस. बेरीज अडतीस, निम्मे एकोणीस.

"एकोणीस," ते म्हणाले.

"एकोणीसच आहे तो!" मास्तर ओरडले. "सकाळपासून आम्ही दुसरं काय सांगतोय?"

साहेब हसले. खूप दिवसांनी एखादा हिशेब जुळल्यासारखे हसले. "पालकाने इथे सही करावी, मुलगा सज्ञान आहे म्हणून. उद्या तो आठ किलोमीटर पळेल."

मास्तरांनी पेन घेतलं. तेवढ्यात झेनेबेचबाई खाली वाकून आपल्या भाषेत पुटपुटल्या, "मास्तर, सही केलीत की हा एकोणीसचा. एकोणीसवाल्याला पालक लागत नाही. बिल्ला परत घ्यावा लागेल मला. उद्या तुम्ही कुंपणाबाहेर, आणि कुंपणाला पुरुषभर उंच कापड लावलंय. काही दिसायचं नाही."

मास्तरांचा हात क्षणभर थांबला. बावीस वर्षांत त्यांनी आपल्या एकाही पोराला मोठ्या शर्यतीत पळताना डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. सगळ्या शर्यती रेडिओवर ऐकल्या होत्या, त्याही खरखरीतून. त्यांनी तोलेराकडे पाहिलं. तो फुगा हातात घेऊन उभा होता, वरच्या ओठावर घाम.

मास्तरांनी सही केली. मग स्वतःच बिल्ला गळ्यातून काढला, फीत नीट गुंडाळली आणि बाईंच्या हातात दिली. "चला, बरं झालं," ते म्हणाले. "बाहेर निलगिरीची सावली चांगली आहे."

बाईंनी बिल्ला टेबलावर ठेवला. तोलेरा मात्र पुढे झाला.

"बाई, मी आता सज्ञान ना?"

"साहेबांनीच ठरवलंय."

"मग सकाळी भेटलेल्या त्या केनियाच्या पोराची आई आत कशी बसणार आहे? तो तर माझ्याच वयाचा आहे."

"सज्ञान खेळाडूला घरचं एक माणूस आणता येतं. त्याचा जिम्मा खेळाडूचा." बोलता बोलता बाई थांबल्या. मग त्यांनी खणातून एक कोरा अर्ज काढला. "नाव सांग."

"गुडेटा मास्तर."

"नातं?"

तोलेरा विचारात पडला. मास्तर काका नव्हते, मामा नव्हते, बाप तर नव्हतेच. "तुमच्या त्या बालगटाच्या अर्जात, पालकासमोर मुलाच्या जागी काय लिहितात?"

"पाल्य."

"मग तेच लिहा. पालक मी. पाल्य हे."

"अरे गाढवा!" मास्तर म्हणाले आणि चष्मा काढून पुसायला लागले.

"जन्मसाल?" बाईंनी त्यांना विचारलं.

"एकोणीसशे एकाहत्तर," मास्तर कसेबसे म्हणाले.

"हे आपलं ना?"

मास्तर तेव्हा तोलेराकडे बघत होते. 'आपलं ना' एवढंच त्यांच्या कानावर पडलं. त्यांनी जोरजोरात मान हलवली.

दुसऱ्या दिवशी गुडेटा मास्तर कोट घालून, गळ्यात बाईंनी दिलेला नवा बिल्ला अडकवून आत, दोरीला खेटून उभे होते. दोन फेऱ्या होईपर्यंत तोलेरा नवव्या नंबरावर होता आणि मास्तर सभ्य होते. तिसऱ्या फेरीला तो सहावा झाला आणि मास्तरांनी कोट काढला. शेवटच्या चढावर तो चौथ्यावर आला, तेव्हा मास्तर दोरीच्या कडेकडेने त्याच्याबरोबर पळत होते, "गुडघा! गुडघा उचल! गायी मागे लागल्यात समज!" असं ओरडत. केनियाच्या पोराच्या आईने त्यांना कोटाला धरून मागे ओढलं, आणि मग स्वतःही ओरडायला लागली.

तोलेरा तिसरा आला. बक्षीस देणाऱ्याने त्याच्या गळ्यात पदक घातलं. तो खाली उतरला आणि मास्तरांना म्हणाला, "पहिले दोघं फार जोरात होते, मास्तर." मास्तर म्हणाले, "असू दे रे, असू दे," आणि कोटाच्या बाहीने त्याचं तोंड पुसलं. मग त्याच बाहीने स्वतःचं.

घरी आल्यावर अस्कालेबाईंनी बिल्ला हातात घेऊन दिव्याजवळ धरला. 'पाल्य' हा शब्द वाचून त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग खालची ओळ वाचायला त्यांनी बिल्ला दिव्याच्या आणखी जवळ नेला.

"अहो, यात तुमचा जन्म एकोणीसशे एकोणऐंशीचा लिहिलाय. त्यांच्या सालाने. म्हणजे तुम्ही सेहेचाळीस?"

"मी एकाहत्तर सांगितलं ते परदेशी साल होतं, झेनेबेचबाईंनी त्यात पुन्हा आठ मिळवलेले दिसतात," मास्तर म्हणाले.

"आणि मी पन्नास! म्हणजे मी तुमच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी झाले? उद्याच्या उद्या पत्र टाका आणि दुरुस्त करून घ्या."

मास्तरांनी बिल्ला त्यांच्या हातातून अलगद घेतला, गळ्यात घातला आणि कॉफीची वाटी पुढे केली.

"राहू दे," ते म्हणाले. "वीस वर्षांत बाईंची एकही चूक झालेली नाही."