शेवंती पायलट

आमची शेवंती पायलट एकदा पॅसेंजरला पेट्रोल पंपावर विसरून म्हापशाला पोचली. ही थाप नाही. तो पॅसेंजर मीच होते.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी आधी सांगते. आमच्याकडे पायलट म्हणजे विमानवाला नव्हे. पिवळ्या मडगार्डाची मोटारसायकल घेऊन जो बाजारात स्टँडवर उभा राहतो आणि भाडं घेऊन माणसाला मागे बसवून दारापर्यंत सोडतो, तो पायलट. पेडण्याच्या स्टँडवर असे पुष्कळ आहेत. त्यात बाई एकच, ती शेवंती. कोरगावात तिचं घर माझ्या घराला लागून. म्हणजे तिचं सगळं मला बघावं लागतं, मला हवं असो वा नसो.

तर त्या शुक्रवारी मला म्हापशाच्या बाजाराला जायचं होतं. पंपावर तिनं मला उतरवलं, पेट्रोल भरलं. मी पदर सारखा करून पिशवी या खांद्यावरची त्या खांद्यावर घेते आहे, तोवर गाडी गेलीसुद्धा. मला वाटलं पलीकडे सावलीत थांबेल. थांबली नाही. पंपावरच्या मुलीनं आतली कदेल, म्हणजे खुर्ची, आणून बसायला दिली, चहा दिला. चहा संपला. एका टँकरवाल्याशी ओळख झाली. त्याच्या सासूच्या गुडघ्यांवर औषध सांगून झालं. तेव्हा कुठे शेवंती माघारी आली आणि मला कदेलीवर बसलेली बघून तिनंच मला विचारलं, "माई, तू हयच रवलंस?"

जसं काही मीच धावत्या गाडीवरून उडी मारून चहाला बसले होते.

म्हापशापर्यंत ती माझ्याशी बोलत गेली होती. बाजारात पोचल्यावर पिशवी घ्यायला हात मागे केला तेव्हा तिला कळलं की मागे वारा बसलाय. मला म्हणाली, "मी म्हटलंय, आज माई मधी तोंड घालना नाय, काय झाला हिका?"

शेवंतीला ओळखायचं असेल तर लांबूनच ओळखता येतं. तिच्या हेल्मेटावर अबोलीचा वळेसर असतो. केसात माळला तर हेल्मेटाखाली चेंगरतो, म्हणून तिनं तो हेल्मेटालाच गुंडाळला. गणपतीच्या मखराला घालतात तसा. पायात कधीकधी दोन वेगळ्या चपला. बोलणं सुरू होतं ते "बरां आठवला!" या शब्दांनी, आणि जे आठवलं ते पुरं व्हायच्या आत दुसरं आठवतं. तिच्याकडून एक गोष्ट शेवटपर्यंत ऐकलेला माणूस आमच्या गावात नाही.

लहानपणापासून हे असंच. तिचा भाऊ दत्ता आणि ती, दोघं एका मुशीतली. दत्ता वर्गात बाकावर चढायचा, जनेलातून, खिडकीतून हो, उडी मारून काजूच्या बागेत पळायचा. मास्तर घरी तक्रार घेऊन यायचे आणि तिचा बाप हसायचा. म्हणायचा, मर्द गडी आहे, एका जागी बसेल कसा. शेवंती बसायची. गप्प बसायची, म्हणून मास्तर खूश. पण ती नुसती अंगानं बसलेली. डोळे जनेलाबाहेर, डोकं हळर्णच्या किल्ल्यापर्यंत जाऊन परत आलेलं. नापास झाली तेव्हा सगळ्यांना नवल वाटलं, इतकी शांत मुलगी नापास कशी. मग मार. मी तिच्या आईला म्हणायचे, अगं, हिचं ध्यान नाही. तिची आई म्हणायची, ध्यान नाही कसं, हीच एक ध्यान आहे.

पुढे दत्ता डिचोलीला खाणीवर ट्रकवर लागला. खाण बंद पडली, मग त्यानं मोटारसायकल घेतली. एका कामावरून दुसऱ्या कामावर उडाला तरी लोक म्हणायचे, धडपड्या आहे. शेवंतीनं कामं सोडली, म्हणजे तिला सोडायला लावली, तर ती वेंधळी.

आणि तिला कामं तरी कसली मिळाली? बाईमाणूस म्हणून सगळी बसून करायची. निवडायचं, टिपायचं, घड्या घालायच्या. काजूच्या फॅक्टरीत अख्खा गर एकीकडे आणि तुकडा दुसरीकडे करायचा होता. हिनं हसऱ्या तोंडाचे एकीकडे आणि रडक्या तोंडाचे दुसरीकडे केले. शिवणाच्या क्लासात माझ्या ब्लाऊजाला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लावल्या. डिचोलीत कापडाच्या दुकानात असताना समोरून लग्नाची वरात गेली. वरात बघता बघता ही कापड मोजत राहिली ते ठाण संपेपर्यंत. मालक म्हणाला, हिला पगार देण्यापेक्षा घरी बसवून दोन वेळ जेवायला घातलेलं स्वस्त. बालवाडीत मदतनीस होती तेव्हा पोरांना मोर दाखवायला बाहेर नेलं. कुणी हरवलं नाही. उलट एक पोर जास्त घेऊन आली.

मग दत्ताचा पाय मोडला. गाडी अंगणात नुसती उभी. शेवंतीला चालवायला येत होती, हे आम्हाला तेव्हा कळलं. दत्ताचा पाय बरा होईपर्यंत म्हणून ती स्टँडवर गेली. पाय बरा झाला, दत्ताला दुसरीकडे ड्रायव्हरकी मिळाली, गाडी तिच्याकडेच राहिली. रीतसर परवाना काढला, बॅज काढला.

मी सुरुवातीला तिच्या मागे बसले ते देवाचं नाव घेऊन. पण काय सांगू, रस्त्यावर ही बाई वेगळीच. आमचे रस्ते कसे, तर वळणापुढे बैल, बैलापुढे पाव विकणाऱ्या पोदेराची सायकल, त्याच्यापुढे नकाशात बघत चाललेला कोणी टूरिस्ट. सगळं एकदम अंगावर येतं. तिच्या डोक्यातही सगळं एकदमच येतं. जमलं! एकदा धारगळच्या बाजूला बांगड्याचा भाव सांगता सांगता तिनं गाडी एकदम कडेला घेतली. मी ओरडणार, तोच वळणावरून चुकीच्या बाजूनं ट्रक आला आणि गेला. हॉर्न नाही, काही नाही. तिला तो बांगड्यांच्या मधूनच ऐकू आला होता. ट्रक गेल्यावर म्हणाली, "बरां आठवला, सुंगटापण म्हाग झाली."

तिच्या लग्नाचंही सांगून टाकते. पस्तिशी उलटल्यावर एक स्थळ आलं, सावंतवाडीकडचं. मध्यस्थानं तिकडे सांगितलं होतं, मुलगी पायलट आहे, विमानतळाकडे जाऊन-येऊन असते. ते खोटं नव्हतं. मोपाचा विमानतळ झाल्यापासून तिला तिकडची भाडी मिळत होती. पण पाहुणे गोव्यातले नव्हते. ते आले ते भाड्याच्या मोठ्या गाडीतून, मुलाचा मामा कोट घालून.

मामानं अदबीनं विचारलं, तुम्ही किती सीटचं चालवता. शेवंती म्हणाली, एकच सीट, मागे एक माणूस बसतो. मामा मुलाच्या बापाला हळूच म्हणाला, लहान असेल, शिकाऊ. मग विचारलं, वर जाताना भीती नाही वाटत? शेवंती म्हणाली, "वर जाताना नाय. उतरताना ब्रेक सांभाळूक लागता."

मामाला हे फार पटलं. त्यानं मान डोलावून विचारलं, सध्या तुमचं कुठं उभं असतं. ती म्हणाली, आता घेऊनच आलेय, बाहेर आहे. सगळे पाहुणे उठून दारात गेले. त्यांनी अंगणात पाहिलं. मग वर पाहिलं.

दत्ताची बायको वैशाली पदर तोंडात कोंबून आत पळाली. मी तिथंच हसले, मला काय कोणाची भीती? शेवंतीला मात्र काय झालं तेच कळलं नाही. ती त्यांना गाडीचं ॲव्हरेज सांगत होती. तेवढ्यात मागे कोंबडी ओरडली म्हणून ती चहाचा ट्रे मामाच्या हातात देऊन तिकडे गेली ती गेलीच. पुढे निरोप आला. पायलट नसती तरी चाललं असतं, पण मुलगी जरा भ्रमिष्ट वाटते.

शेवंती म्हणाली, बरं झालं, सावंतवाडीला मला कोण स्टँडवर उभं करणार होतं?

तर पंपाकडे परत येते. माझी गोष्ट त्या टँकरवाल्यानं स्टँडवर सांगितली. स्टँडवर बाबल म्हणून जुना पायलट आहे, त्याचा शब्द तिथं चालतो. शेवंती आली त्या दिवसापासून तो म्हणत होता, हे बायकांचं काम नाही. त्याला आता आयतं कोलीत मिळालं. तो स्वतः माझ्या अंगणात आला, घाम पुसत. म्हणाला, सगळे पायलट जमणार आहेत, तू फक्त येऊन एवढं सांग की हिनं तुला रस्त्यात टाकलं. बाकीचं आम्ही बघतो.

बाकीचं म्हणजे काय, ते मला समजत होतं. स्टँडवरून उठवली तर आख्ख्या तालुक्यात तिला करायला काम उरलं नव्हतं. सगळी करून झाली होती.

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. त्या संध्याकाळी वैशाली पावाचे उंडे द्यायला आली, तिला विचारलं, शेवंती दोन दिवस गप्प का आहे. तेव्हा तिनं सांगितलं. दत्ताची आणि तिची मुलगी तन्वी शाळेत गप्प बसते आणि काही लिहीत नाही, म्हणून बाईंनी डॉक्टरकडे पाठवलं होतं. मी पंपावर राहिले त्याच्या आदल्या दिवशी शेवंतीही सोबत गेली होती. डॉक्टरीण म्हणाली, मुलीचं लक्ष एका जागी टिकत नाही, तो एक आजारासारखा प्रकार असतो, रक्तातून येतो. घरात आणखी कोणी आहे का असं? वैशालीनं बोलायची गरज पडली नाही. शेवंती तेव्हा डॉक्टरणीच्या मेजावरचं वजनाचं यंत्र उलटं करून बघत होती.

डॉक्टरीण म्हणाली, मुलगे बाकावर उड्या मारतात म्हणून लगेच ध्यानात येतात. मुलींमध्ये पुष्कळदा उड्या आत चालतात. वरून शांत. म्हणून कोणी आणतच नाही त्यांना, आणि त्या म्हाताऱ्या होईपर्यंत स्वतःला वेडी समजत राहतात.

शेवंतीनं यंत्र खाली ठेवलं आणि एवढंच विचारलं, "म्हणजे तो माझो आळस नाय होतो?"

डॉक्टरीण नाही म्हणाली. शेवंती येताना वाटभर एक शब्द बोलली नाही, असं वैशाली म्हणाली. माझ्या ओळखीत पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी मी स्टँडवर गेले. सगळे पायलट उभे. शेवंती तिच्या गाडीजवळ, वळेसर नसलेलं हेल्मेट काखेत. बाबल म्हणाला, सांग माई. मी म्हटलं, सांगते. म्हटलं, "बाबल, तू शिमग्यात फेणी घेऊन माझ्या दिराक भातशेतात पाडलंस. ही माका नुसती विसारली. पाडण्यापरास विसारलेला बरां."

स्टँड हसला. बाबल म्हणाला, ती गोष्ट जुनी. मी म्हटलं, दिराचा खांदा अजून दुखतो, त्याला जुनी वाटत नाही. मग त्यानं हट्ट धरला, उद्या एखाद्या टूरिस्टाला विसरली तर स्टँडचं नाव जाईल. हे मात्र खरं होतं. खऱ्याला मी खरं म्हणते. म्हणून मीच शेवंतीला सगळ्यांसमोर अट घातली. पॅसेंजर बसला की किंवा मध्ये उतरून परत बसला की, गाडी हलवायच्या आधी मोठ्यानं विचारायचं, आसस मा? म्हणजे, आहेस ना? मागून "आसंय" आलं तरच गाडी सोडायची. नाही आलं तर उतरून बघायचं.

शेवंतीनं मान हलवली, आणि मला वाटलं आठवड्यात विसरेल.

विसरली नाही. तेरेखोलचा किल्ला बघायला आलेले परदेशी लोकसुद्धा आता तिच्या मागे बसून "आसंय, आसंय" करतात. त्यांना वाटतं हा आमचा नमस्कार आहे. स्टँडवरचे बाकीचे आधी चिडवायला म्हणून विचारायचे. आता सवय लागली त्यांना. परवा बाबलला विचारताना मी माझ्या कानांनी ऐकलं.

मागच्या शुक्रवारी म्हापशाहून आम्ही दोघी येत होतो. पंपावर पेट्रोल घेतलं, आसस मा झालं, आसंय झालं, निघालो. मला आपलं सहज आठवलं म्हणून विचारलं, काय गो, त्या दिवशी म्हापशापर्यंत तू मला काय सांगत होतीस?

"सांगलंय मा," ती म्हणाली. "तू खय होतंस?"

पेडणं मागे पडलं. रस्ता सरळ, मोकळा. पंप नाही, गतिरोधक नाही, मी जागची हललेली नाही. आणि तिनं मान न वळवता, हळू विचारलं, "माई, आसस मा?"

"आसंय," मी म्हटलं.

तिनं गाडी सावकाश केली आणि सांगायला लागली. पहिलीच्या वर्गातल्या जनेलापासून. मी मधे तोंड घातलं नाही. आमच्या वाड्याचं वळण आलं, मला दिसलं, तिला दिसलं नाही. ते मागे गेलं. मी पिशवी नुसती या खांद्यावरची त्या खांद्यावर घेतली.